कवेलू फेरताना औषधेही आवरा



मृग तोंडावर आला. कुरखेडा भागात कवेलू फेरताना माळ्यावरची औषधेही खाली काढा.

उसासाठी आणलेले थिमेट, म्हणजे फोरेट, ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. उरलेले वापरू नका. त्याहून मोठा धोका धानाच्या कोठीतल्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांचा. गळक्या छपराची ओल लागली की त्यांतून फॉस्फिन हा जीवघेणा वायू सुटतो. लेकरे झोपतात त्या घरात त्या ठेवूच नयेत. ओल लागलीच, तर हात न लावता, पाणी न ओतता सगळ्यांनी बाहेर पडावे.

बाकी औषधे मूळ डब्यात, कुलपात, कोरड्या जागी ठेवा. रिकामे डबे तीनदा धुवा, ते पाणी पंपातच ओता आणि डब्यांना भोके पाडा. उरलेले विष सती नदीत किंवा विहिरीत टाकू नका. कृषी कार्यालयात विचारा.

पावसाआधीचा एक दिवस यासाठी द्यावा, ही आमची विनंती.

— ऊस विकास विभाग