भूकंपमापकाची परीक्षा

बाजारांत मडकें घेतांना घरांतील जाणत्या बायका तें बोटानें वाजवून पाहतात. आवाज खणखणीत आला तर मडकें पक्कें. बद्द आला तर कोठें तरी तडा आहे. भूकंपाची नोंद करणारीं यंत्रेंहि थोडींबहुत याच रीतीनें पारखलीं जातात, हें पुष्कळांस ठाऊक नसेल.

११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनानगरास व ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीस जें घडलें, त्याचें स्मरण महाराष्ट्रांत अजून ताजें आहे. अशा प्रसंगीं धक्का केवढा होता हें सांगणारें यंत्रच चुकलें तर? यंत्रानें जमिनीची हालचाल दुप्पट दाखविली, तर भूकंपाचा आंकडा सुमारें ०.३ नें चढतो. दसपट दाखविली, तर पूर्ण एकानें. आणि अशाच नोंदींच्या आधारें धरणें व घरें किती मजबूत बांधावयाचीं तें ठरतें.

यंत्राचें तत्त्व सोपें आहे. स्प्रिंगवर एक वजन तोललेलें असतें. जमीन हलली तरी जडत्वामुळें तें क्षणभर जागींच राहतें. या अंतरामुळें तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, आणि डिजिटायझर तिचे अंक करून सांठवितो. परंतु काळ लोटला म्हणजे स्प्रिंग बदलते, दमटपणा आंत शिरतो. म्हणून एकदां घेतलेली परीक्षा जन्मभर पुरत नाहीं.

यावर युक्ति अशी: वजनापाशीं दुसरें एक वेटोळें असतें. डिजिटायझर त्यांत मोजलेली वीज सोडतो. ती वजनास अदृश्य बोटानें ढकलते, आणि जमीनच हलली असें समजून मापक उत्तर देतो. गुरुजी ज्याचें उत्तर स्वतःस ठाऊक आहे असाच प्रश्न विचारतात, त्यांतलाच हा प्रकार.

प्रश्न तीन तऱ्हांचे असतात. पहिला, वीज एकदम सोडून तशीच ठेवणें. वजन कसें स्थिरावतें त्यावरून त्याचा आंदोलनकाल व हेलकावे आवरण्याची शक्ति कळते. ही शक्ति उणी पडली तर धक्का संपल्यावरहि वजन डोलत राहतें. फाजील झाली तर तें सुस्त होतें. दुसरा, तरंगरूप वीज. तिची लय बदलीत प्रत्येक लयीस मिळणारें उत्तर टिपावयाचें. तिसरा, वरकरणी अनियमित पण आधींच ठरविलेली चढउताराची मालिका. तींत मंद व जलद लयी एकत्र असल्यानें सर्वांची परीक्षा एकदम होते.

मात्र परीक्षकाचीहि परीक्षा हवी. डिजिटायझरला ठाऊक असलेला विद्युद्दाब देऊन त्याचे अंक प्रथम पडताळावे लागतात. वेटोळ्याचेंच माप चुकीचें असेल तर सारा हिशेब फसतो; म्हणून यंत्र हलत्या मेजावर ठेवून, किंवा विश्वासाच्या दुसऱ्या मापकाशेजारीं बसवूनहि ताडून पाहतात.

१९६० नंतरच्या दशकांत जगभर एकाच धर्तीचे भूकंपमापक बसविले गेले. त्यांत पुण्याचेंहि ठाणें होतें. त्या कागदी आलेखांवर नित्य अशा परीक्षेचा ठोका उमटलेला असे. साक्ष देणाऱ्यानें आधीं स्वतःची परीक्षा द्यावी, तरच त्याच्या शब्दास मोल. हा नियम यंत्रांस लागतो, तसाच माणसांसहि.