अडकलेला सुळा : वाट पाहावी किती?

काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानातील दन्तजन्मिक अध्यायात दातांना स्वतंत्र नावे दिली आहेत. वरचे मधले दोन ते राजदन्त, त्यांच्या बाजूचे वस्त आणि त्यांच्या शेजारच्या दंष्ट्रा. यांपैकी दंष्ट्रेस व्यवहारात आपण सुळा म्हणतो. वरचा सुळा वेळेवर न आल्यास वैद्याने काय करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जुहू येथील आमच्या चिकित्सालयात काही वर्षांपूर्वी तेरा वर्षांची एक मुलगी अग्निमांद्यासाठी येत असे. ‘हिचा वरचा एक सुळा अजून आला नाही, त्यावरही काही द्या’, असे तिच्या आईने एकदा सहज म्हटले. आम्ही अस्थिधातूच्या पोषणाचे औषध दिले व वर्षभर थांबण्यास सांगितले. पुढे क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा तो सुळा टाळूच्या बाजूस आडवा होऊन शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळ झिजवीत असल्याचे आढळले. दुखणे नव्हते, सूज नव्हती. म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. चूक आमचीच होती. ती इतरांकडून होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

अडकण्याची कारणे

अक्कलदाढेखालोखाल सर्वाधिक अडकणारा दात म्हणजे वरचा सुळा. साधारणतः शंभरात एक ते तीन व्यक्तींमध्ये हे वैगुण्य आढळते. मुलींमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे. हा दात जबड्यात फार उंचावर तयार होतो व शेजारच्या पटाशीच्या मुळाच्या आधाराने खाली उतरतो. ती पटाशी खुजी, निमुळती अथवा जन्मतःच नसेल, तर सुळ्याची वाट चुकण्याचा संभव वाढतो. दाटीवाटीमुळे जागा न उरणे हेही एक कारण आहे. अशी वैगुण्ये एकाच कुटुंबात अनेकांमध्ये दिसतात. दन्तजन्माची कारणे सांगताना काश्यपांनी मातापित्यांच्या अनुकरणाचा उल्लेख केला आहे, तो येथे स्मरणीय ठरतो. म्हणून आईवडिलांचे व भावंडांचे दातही पाहावेत.

परीक्षा

मूल नऊ-दहा वर्षांचे झाले की कोणत्याही तक्रारीसाठी आले तरी त्याचे मुख पाहावे. दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या बाजूने, हिरडीवर बोट हलकेच फिरवल्यास येणाऱ्या सुळ्याचा उंचवटा हातास लागतो. दहा वर्षांनंतरही तो लागत नसेल, किंवा एकीकडे लागतो व दुसरीकडे नाही असे असेल, तर मुलास दंतवैद्यांकडे धाडावे. अकरा-बारा वर्षांपर्यंत हा दात बहुधा दिसू लागतो. त्यानंतरही दुधाचा सुळा घट्ट असल्यास मुळीच थांबू नये.

चिकित्सा

वेळेचे महत्त्व एका अभ्यासातून स्पष्ट होते. स्वीडनमधील एरिक्सन व कुरोल यांनी १० ते १३ वर्षांच्या मुलांमध्ये टाळूकडे वळलेल्या ४६ सुळ्यांसाठी केवळ दुधाचे सुळे काढले. त्यांपैकी ३६ मार्गावर आले. हा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. ही वेळ टळल्यास शस्त्रकर्माने सुळा उघडा करून, त्यावर कडी चिकटवून, तारेच्या मंद ओढीने तो खाली आणावा लागतो. त्यास एक-दोन वर्षे अथवा अधिक काळ लागतो. सुळा हाडाशी एकजीव झाला असल्यास तो ओढीने येत नाही.

जुहू-पार्ले परिसरात खाजगी तज्ज्ञ पुष्कळ आहेत. ज्यांना तो खर्च झेपत नाही, त्यांना मुंबई सेंट्रल येथील नायर रुग्णालय दंत महाविद्यालय अथवा फोर्टमधील शासकीय दंत महाविद्यालय येथे पाठवावे.

आपले कार्य

कोणतेही चूर्ण, लेप वा गण्डूष वाट चुकलेल्या सुळ्यास खाली आणीत नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे. शस्त्रकर्मानंतर मुखशुद्धीसाठी त्रिफळा क्वाथ योजावयाचा असल्यास शस्त्रकर्म करणाऱ्यांच्या संमतीनेच योजावा. पहिल्या दिवशी चूळही जोराने भरू नये. औषधालयांच्या चालकांनाही विनंती की, ‘दात येत नाही’ म्हणून कोणी तेल वा मंजन मागितल्यास आधी मुलाचे वय विचारावे.

त्या मुलीचा सुळा पुढे तारेच्या साहाय्याने जागेवर आला. पटाशीचे झिजलेले मूळ मात्र पुन्हा भरून आले नाही. दहाव्या वर्षी हिरडीवरून फिरविलेल्या एका बोटाने ते वाचले असते.