जपानी मुलाचे मंगलवस्त्र

लहान मुलाला सणासमारंभात नटवावे, ही हौस सगळ्याच आईबापांना असते. परंतु त्या हौसेच्या कपड्यावर आपण मुलाच्या भवितव्याविषयी काय लिहून ठेवतो, याचा विचार सहसा होत नाही. जपानातील मुलग्यांच्या समारंभी किमोनोची हकीकत आम्ही येथे सांगतो, ती याच दृष्टीने.

मूल सुमारे महिन्याचे झाले की त्यास प्रथम शिंतो देवस्थानात नेतात. या विधीस 'मियामाइरी' म्हणतात. रूढीप्रमाणे बाळ वडिलांच्या आईच्या हातांत असते. किमोनो बाळाच्या अंगात घालीत नाहीत. तो वरून पांघरतात आणि त्याचे बंद आजीच्या पाठीमागे बांधतात. मुलग्याचा किमोनो बहुधा काळ्या किंवा गर्द निळ्या रेशमाचा असतो. त्यावर घराण्याची चिन्हे पाच ठिकाणी येतात : एक पाठीच्या मध्यावर, दोन बाह्यांच्या मागील अंगास व दोन छातीवर. नक्षी असते ससाण्याची, ड्रॅगनची किंवा योद्ध्याच्या शिरस्त्राणाची. मुलगा धीट व्हावा, पराक्रमी व्हावा, हा तिचा अर्थ.

पण या दिमाखाच्या मागे एक जुनी भीती आहे. मोठ्या माणसाच्या किमोनोत पाठीवर कापडाचे दोन पन्हे जोडलेले असतात. म्हणून कण्यावरून शिवण उतरते. तान्ह्याच्या कपड्यास एकच पन्हा पुरतो, तेव्हा शिवण येत नाही. आता जपानी भाषेत डोळ्यास 'मे' म्हणतात आणि शिवणीच्या टाक्यासही 'मे' हाच शब्द लागतो. पाठीवरची शिवण म्हणजे मागे पहारा करणारे डोळे, अशी समजूत. ते डोळे बाळास नाहीत, म्हणून आया त्याच्या कपड्यावर मानेखाली रंगीत दोऱ्याचे टाके घालीत. त्याचे नाव 'सेमामोरी', म्हणजे अक्षरशः पाठराखण! तान्ही मुले सहज दगावत त्या काळातली ही माया आहे. आपल्याकडील काजळाची तीट काही वेगळे सांगत नाही.

पुढे पाचव्या वर्षी मुलगा प्रथम 'हाकामा' नेसतो. हाकामा म्हणजे किमोनोवर कमरेपासून खाली येणारे चुण्याचुण्यांचे घोळदार वस्त्र. त्यावर 'हाओरी' हा आखूड अंगरखा. १५ नोव्हेंबरच्या 'सात-पाच-तीन' या सणास मुलगे असे सजून देवदर्शनास जातात. राजघराण्यात हा विधी अजून जुन्या थाटाने होतो. राजपुत्र हिसाहितो यांनी २०११ साली, पाच वर्षांचे असताना, 'गो' या खेळाच्या पटावर उभे राहून खाली उडी घेतली, ती याच परंपरेस अनुसरून.

आता या हकीकतीचा कठीण भाग. १९०४-०५ च्या रशियाशी झालेल्या युद्धाच्या सुमारास, आणि विशेषतः १९३० नंतरच्या दशकात, मुलग्यांच्या किमोनोवर निराळीच चित्रे आली : विमाने, रणगाडे, युद्धनौका, संगीनधारी सैनिक. देवदर्शनास निघालेल्या महिन्याच्या बाळाच्या अंगावरही ती असत. हा काही सरकारी गणवेश नव्हता. कारखानदारांनी कापड छापले, दुकानदारांनी मांडले आणि आईबापांनी कौतुकाने विकत घेतले. ससाण्याच्या जागी विमान आले, शिरस्त्राणाच्या जागी रणगाडा आला. पराक्रमाची जुनी इच्छा तीच राहिली, मात्र तिचा धनी बदलला. १९४५ च्या पराभवानंतर ती चित्रे लोपली आणि ससाणे परत आले.

त्या आईबापांस दुष्ट म्हणणे सोपे आहे. आम्हांस ते मान्य नाही. त्यांनीही मुलाचे भलेच चिंतिले होते. बाळाच्या पाठीवर त्यास स्वतःस दिसत नाही असे काहीतरी आपण नेहमीच लिहितो. ते पाठराखणीचे टाके आहेत की कोणाच्या तरी युद्धाचे चित्र, हे वाचण्याचे काम मात्र मोठ्यांचेच आहे.