कानांमागे राहिलेली चाल

मारवाडी घोडा ओळखायला अश्वपारखी असावं लागत नाही. कान पाहिले की काम झालं. दोन्ही कान आत वळलेले, टोकं एकमेकांना टेकलेली. चाहूल लागली की अर्ध्या वर्तुळात गर्रकन फिरणारे. शेजारच्या सौराष्ट्रातल्या काठेवाडी घोड्याचे कानही असेच, त्यामुळे नवखा माणूस दोघांत हमखास गल्लत करतो. महाराणा प्रतापांच्या चेतक घोड्यावर दोन्ही पक्षांचा दावा आहे. त्या भांडणात मी पडत नाही. कॅमेरे कानांपाशी थांबतात याचं मात्र वाईट वाटतं, कारण या जातीची खरी कमाई खाली, चार पायांत आहे. तिचं नाव रेवाल. आपल्याकडच्या घोडेबाजारात काहीजण रवालही म्हणतात.

एरवी घोडा दुडकी धरतो तेव्हा उजवा पुढचा आणि डावा मागचा असे तिरपे पाय जोडीनं पडतात. जोडी बदलताना क्षणभर चारही खूर अधांतरी असतात आणि नेमका तिथेच स्वार उसळतो. रिकिबीत पाय रोवून मैलोन् मैल ऊठबस करणं हा कमरेचा छळच. रेवालीत एकाच बाजूचे मागचे-पुढचे पाय जवळपास बरोबरीनं पुढे येतात. अगदी एकत्र नव्हे, मागचा किंचित आधी टेकतो. त्यामुळे घोडा जमिनीपासून पुरता सुटतच नाही, पाठ सपाट वाहत राहते, आणि दुडकीसारखा वेग मिळूनही बसणाऱ्याला हिसके बसत नाहीत. उंटही एका बाजूचे पाय जोडीनं उचलतो, पण त्याच्या पाठीवरचा हेलकावा ज्यांनी सोसला आहे त्यांना रेवालीचं मोल वेगळं सांगायला नको. सगळ्याच मारवाडी घोड्यांना ही चाल येत नाही. कल उपजत लागतो, मग शिकवणारा तिला घोटून घेतो.

असा कल रक्तातून येतो, हे जगातल्या इतर चालबाज घोड्यांवरून दिसतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये आइसलँडच्या घोड्यांच्या खास चालींमागे डीएमआरटी३ या एकाच जनुकातला बदल असल्याचं दाखवलं. पायांचा मेळ राखणाऱ्या, मज्जारज्जूतल्या चेतापेशींशी त्याचा संबंध आहे. शिंगरांची निवड करणाऱ्या जुन्या मंडळींना जनुक ठाऊक नव्हता. कुणाची आई कशी चालायची, हे ठाऊक होतं.

मारवाडमध्ये ही निवड राठोडांनी केली. बाराव्या शतकाच्या अखेरीस कनौजची सत्ता मोडली, त्यानंतर हे घराणं पश्चिमेकडे सरकलं आणि वाळवंटाच्या कडेला स्थिरावलं. तिथले काटक देशी घोडे, त्यांत अरबी आणि बहुधा तुर्कमेनी रक्त, अशी ही घडण. कच्छच्या किनाऱ्यावर एक अरबी जहाज फुटलं आणि त्यातले सात घोडे पोहून वर आले, अशी कथा मोठ्या रंगानं सांगितली जाते. ती कथा म्हणूनच ऐकावी. वाळवंटाचा ठसा मात्र अंगावर स्पष्ट दिसतो. खांदा काहीसा उभा, त्यामुळे रुतलेला पाय वाळूतून सहज वर निघतो. यात थोडा वेग गमावला, पण आराम कमावला. उंची साधारण दीड मीटर, त्याहून थोडी जास्त. कातडी पातळ, मान ताठ.

उतरती कळा इंग्रजी अमलात लागली. साहेबाला थरोब्रेड आणि ऑस्ट्रेलियातून येणारे वेलर घोडे हवे होते. देशी घोड्याच्या वळलेल्या कानांची चेष्टा व्हायची. जोधपूरचे महाराजा उमेदसिंह यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निवडक नर-माद्या राखल्या म्हणून बीज टिकलं. स्वातंत्र्यानंतर जहागिऱ्या गेल्या आणि पागा पोसणं परवडेना. चांगल्या रक्ताचे नर खच्ची होऊन ओझ्याखाली गेले, काहींना गोळ्या घातल्या गेल्या. उमेदसिंहांचे नातू गजसिंह यांनी पुन्हा पैदास आणि नोंदणीचा धागा धरला. तरी २०१९ च्या पशुगणनेत देशभरातल्या घोड्या-तट्टांची एकूण संख्याच सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली, आधीच्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून अधिक घट. मारवाडी त्यातला लहानसा हिस्सा.

महाराष्ट्रात हा घोडा पाहायचा तर दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला जावं. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोडेबाजार. इथे गिऱ्हाईक आधी भोवरे तपासतं: मानेवर देवमण असेल तर भाव चढतो, डोळ्याखाली भोवरा असेल तर घरी न्यायला कुणी धजत नाही. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी शुभ, निव्वळ काळा अशुभ. गुलाबी कातडीच्या पांढऱ्याशुभ्र नुकऱ्याला वरातीमुळे मागणी. भोवऱ्याला कुणी खुशाल मानावं. पण केसांच्या एका वळणावरून उत्तम चालीचं जनावर नाकारलं जातं, हे मला पटत नाही.

जत्रेत टाळ्या मिळतात त्या मागच्या पायांवर उभं राहणाऱ्या, ढोलावर नाचणाऱ्या घोड्याला. रेवालीची कसोटी मात्र चुरशीच्या शर्यतीत लागते. तिथे वेगाइतकीच शिस्त मोजतात: चाल मोडून घोडा चौखूर उधळला की तो बाद, भले सगळ्यांच्या पुढे का असेना. स्वाराला लगाम सैल सोडून चालत नाही, फार ओढूनही चालत नाही, आणि घोड्याचा पुढे झेपावण्याचा मोह शेवटच्या खुणेपर्यंत तसाच धरून ठेवावा लागतो.