तळपायाचा काळा डाग

सावळ्या कातडीला त्वचेचा कर्करोग होत नाही, ही आपल्याकडची पक्की समजूत. तो कमी होतो हे खरं. पण मेलानोमा हा त्यातला अतिशय घातक प्रकार आपल्या लोकांत बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो, आणि तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्लीला 1977 मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो सापडला. आधी फुटबॉलची दुखापत वाटली होती. 1981 मध्ये, वयाच्या अवघ्या 36व्या वर्षी तो गेला.

म्हणून आंघोळीनंतर पाय पुसताना तळवेही बघा. डाग वेडावाकडा पसरतोय, त्यात काळ्या-तपकिरी छटा मिसळल्या आहेत, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. रुंदावत जाणारी, नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलेली काळी रेघ मात्र संशयास्पद. सुरुवातीला हे दुखत नाही. कुरूप समजून ब्लेडने तासत बसलं, की मोलाचे महिने जातात.

बायोप्सीत गाठ किती मिलिमीटर खोल आहे ते कळतं. उथळ असेल तर भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह कापून काढणं बहुधा पुरतं. जांघेतल्या गाठींपर्यंत पसरल्यावर मोठी शस्त्रक्रिया, इम्युनोथेरपी, मोठा खर्च.

भाजल्याच्या जुन्या व्रणावरची न भरणारी जखमही दाखवावी. तिथे वेगळ्या प्रकारचा कर्करोग होतो. जन्मतः त्वचेत रंगद्रव्य नसलेल्यांनी मात्र लहानपणापासूनच पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी आणि सनस्क्रीन वापरायलाच हवं.