विश्लेषण : ऑर्केस्ट्राच्या साऊंडमध्ये स्पीकर जळतात का? ॲम्प्लिफायर-स्पीकरची जोडी कशी जमवतात?

नागपुरात मैदानी कार्यक्रमांचा हंगाम जवळपास वर्षभर चालतो. गणेशोत्सव आणि नवरात्र, धम्मचक्र प्रवर्तन दिन, हिवाळ्यात खासदार सांस्कृतिक महोत्सव आणि भर उन्हाळ्यात आंबेडकर जयंतीनिमित्त होणारे बुद्ध-भीमगीतांचे कार्यक्रम, या साऱ्यांत ऑर्केस्ट्रा आणि बँडला मागणी असते. मोठ्या महोत्सवांत साऊंडसाठी स्वतंत्र तंत्रज्ञ असतात. वस्तीतल्या लहान कार्यक्रमात मात्र बँड किंवा स्थानिक साऊंडवाले स्वतःच यंत्रणा जुळवतात. भर कार्यक्रमात स्पीकरची कॉइल जळली, तर त्या दिवसाची बिदागी दुरुस्तीत जाते आणि पुढची सुपारीही धोक्यात येते. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांची जोडीच चुकलेली असते.

वॅटच्या आकड्यात गफलत कुठे होते?

एकाच स्पीकरवर तीन वेगवेगळे आकडे छापलेले असू शकतात. ‘आरएमएस’ किंवा सतत क्षमता म्हणजे स्पीकर दीर्घकाळ सहन करू शकेल अशी शक्ती. ‘प्रोग्रॅम’ आकडा सहसा तिच्या दुप्पट असतो, तर ‘पीक’ आकडा चौपट. म्हणजे खोक्यावर ठळक अक्षरांत १६०० वॅट लिहिलेला स्पीकर प्रत्यक्षात ४०० वॅट सतत क्षमतेचा असू शकतो. ॲम्प्लिफायरच्या बाबतीतही आकडा किती ओहमवर, एका चॅनेलचा की दोन्ही मिळून, हे पाहावे लागते. तुलना करायची तर दोन्हीकडचे आकडे एकाच प्रकारचे हवेत. खरेदीतली पहिली फसगत इथेच होते.

ओहमचे गणित काय?

ओहम म्हणजे स्पीकरने विजेच्या प्रवाहाला केलेला विरोध. ८ ओहमचा एक स्पीकर जोडला की ॲम्प्लिफायरवर ८ ओहमचा भार येतो. तसेच दोन स्पीकर समांतर जोडले की भार ४ ओहम होतो आणि चार जोडले की २ ओहम. ओहम जितके कमी, तितका ॲम्प्लिफायरमधून ओढला जाणारा प्रवाह जास्त. ४ ओहमपर्यंतच चालणाऱ्या ॲम्प्लिफायरला ‘आणखी दोन खोकी लावू’ म्हणून २ ओहमवर नेले, तर तो तापतो, मध्येच बंद पडतो किंवा त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. ‘ब्रिज’ पद्धतीत दोन चॅनेल एकत्र केले की प्रत्येक चॅनेलला भार अर्धाच दिसतो. ८ ओहमचा स्पीकर तिथे प्रत्येक चॅनेलसाठी ४ ओहमचा ठरतो.

ॲम्प्लिफायर स्पीकरपेक्षा मोठा हवा की लहान?

प्रचलित नियम असा, की ॲम्प्लिफायरची शक्ती स्पीकरच्या सतत क्षमतेच्या दीड ते दोन पट असावी. उदाहरणार्थ, मंचाच्या एका बाजूला ४०० वॅट, ८ ओहमचे दोन टॉप समांतर जोडले, तर एकूण भार ४ ओहम आणि सतत क्षमता ८०० वॅट. अशा वेळी त्या चॅनेलला ४ ओहमवर १२०० ते १६०० वॅटचा ॲम्प्लिफायर योग्य. कारण संगीताची सरासरी शक्ती कमी असते, पण ढोलकीची थाप किंवा ड्रमचा ठोका क्षणभर सरासरीच्या कितीतरी पट उसळतो. तो क्षण न कापता बाहेर पडण्यासाठी ही जागा लागते. मात्र ही शिफारस लिमिटर नीट लावलेला असेल आणि मिक्सरवर जाणता हात असेल, तरच. तसे नसेल तर सतत क्षमतेइतकाच ॲम्प्लिफायर घेणे आणि ‘क्लिप’चा लाल दिवा लागू न देणे सुरक्षित.

मग लहान ॲम्प्लिफायरनेही स्पीकर कसा जळतो?

लहान ॲम्प्लिफायर निव्वळ लहान असल्यामुळे स्पीकरला इजा करत नाही. मागच्या रांगेतून ‘आवाज वाढवा’ अशी ओरड होते, तेव्हा त्याला कुवतीबाहेर रेटले जाते. मग आवाजाच्या लहरींचे शेंडे कापले जातात. पूर्ण कापलेली चौकोनी लहर तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ती देते. म्हणजे ३०० वॅटचा ॲम्प्लिफायर सतत कापत राहिला, तर ६०० वॅटच्या जवळ जाऊ शकतो. शिवाय कापलेल्या लहरीत तीव्र स्वरांचा अंश वाढतो आणि तो थेट हॉर्नमधल्या नाजूक ड्रायव्हरकडे जातो. त्याची सहनशक्ती बेसच्या स्पीकरपेक्षा फार कमी असते. म्हणून बेससाठी वेगळा ॲम्प्लिफायर ठेवतात. बेस कापला गेला, तरी गायकाचा आवाज आणि हॉर्न वाचतो.

वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होतो का?

नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. हा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. त्यामुळे स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे १ वॅटवर १ मीटर अंतरावर तो किती डेसिबल देतो, हा आकडा महत्त्वाचा. ९५ डेसिबलच्या स्पीकरला ४०० वॅट देऊन जो आवाज मिळतो, तोच १०१ डेसिबलचा स्पीकर १०० वॅटमध्ये देतो. दुसरीकडे, मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. १ मीटरवरचा आवाज ३२ मीटरवर ३० डेसिबलने उतरलेला असतो. म्हणून पुढचे स्पीकर रेटण्यापेक्षा ते स्टँडवर उंच चढवणे आणि मैदानाच्या मध्यावर लहान स्पीकरची दुसरी जोडी लावणे फायद्याचे. ती ३४ मीटरवर असेल, तर तिला सेकंदाचा सुमारे दहावा भाग उशीर द्यावा लागतो. नाहीतर शब्द दोनदा ऐकू येतात.

नागपूरच्या उन्हाचा काही परिणाम होतो?

होतो. १४ एप्रिलच्या आसपास नागपुरात पारा अनेकदा चाळिशी गाठतो. हवा जितकी गरम, तितके ॲम्प्लिफायरला थंड होणे कठीण. थेट उन्हात किंवा पडद्याआड कोंडलेला ॲम्प्लिफायर म्हणूनच लवकर बंद पडतो. स्पीकरला मिळालेल्या शक्तीतला बहुतांश भागही उष्णता होऊन कॉइलमध्येच राहतो. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल १०० अंशांनी तापली तर विरोध ४० टक्क्यांच्या आसपास वाढतो, आवाज दबतो, आणि तो भरून काढायला मास्टर आणखी वर केला जातो. कॉइल जळण्याचा हा नेहमीचा रस्ता. बारीक वायरही शक्ती खाते. ३० मीटर लांब, १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ४ ओहमच्या भारावर जवळपास १५ टक्के व्होल्टेज वाटेतच संपते.

आवाजाला कायद्याची मर्यादा किती?

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सार्वजनिक ठिकाणी लाऊडस्पीकर लावल्यास त्या जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मानकापेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त नसावा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकरला मनाई आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. कविवर्य सुरेश भट सभागृहासारख्या बंदिस्त जागेची गोष्ट वेगळी. मैदानावर मात्र हद्दीवरचा आवाज हाच निकष ठरतो. त्यामुळे नीट जमवलेल्या जोडीचा उपयोग स्पीकर वाचवण्यापुरता नाही. मागच्या रांगेला शब्द स्पष्ट ऐकू आले, की तिकडून ‘आवाज वाढवा’ची ओरडही येत नाही आणि शेजारच्या वस्तीतून पोलिसांना फोनही जात नाही.