नदीच्या तळाशीं जमणारा बर्फ

पाणी गोठतें तें वरून खालीं, असें आपण शाळेंत शिकलों आहों. ४ अंश सेंटिग्रेडला पाणी सर्वांत जड असतें. त्याहून थंड झालेलें पाणी हलकें होऊन वर राहतें, तेथेंच गोठतें, आणि त्या पांघरुणाखालीं मासे सुखानें हिंवाळा काढतात. हा नियम खरा आहे. पण तो संथ सरोवराचा. खळाळत्या नदीला तो लागू पडत नाहीं. कॅनडांतील सेंट लॉरेन्ससारख्या नद्यांच्या तळाशीं, दगडगोट्यांना धरून बसलेला बर्फ लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलेला आहे. तो तेथें कसा जातो, आणि तळांतील वाळूशीं व खडीशीं त्याचा काय व्यवहार चालतो, हें आज थोडक्यांत पाहूं.

निरभ्र, बोचऱ्या थंडीची रात्र आहे. खळाळामुळें नदीवर बर्फाची साय धरत नाहीं. पाण्याची उष्णता उघड्या आकाशाकडे निघून जाते. प्रवाह वरचें पाणी खालीं आणि खालचें वर असें सारखें घुसळीत असतो. त्यामुळें थंडी थेट तळापर्यंत पोंचते, आणि सारें पाणी शून्य अंशाच्याही किंचित् खालीं उतरतें. किंचित् म्हणजे किती? एका अंशाचे कांहीं शतांश! परंतु तेवढें पुरतें. पाण्यांत चकत्यांसारखे, बहुधा चार-पांच मिलिमीटरांहून लहान असे असंख्य स्फटिक उत्पन्न होतात. कॅनडांतील फ्रेंच भाषिकांनीं त्यांना ‘फ्रॅझिल’ हें नांव दिलें. मूळ शब्दाचा अर्थ जळक्या कोळशांचा चुरा.

अतिशीत पाण्यांत हे स्फटिक सारखे वाढत असतात, म्हणून ज्याला लागतील त्याला चिकटतात. एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. पाण्यांतील माती आणि बारीक वाळू त्या पुंजक्यांच्या फटींत अडकते. भोंवऱ्यांबरोबर तळाशीं गेलेले स्फटिक गोट्यांना बिलगतात. हाच नांगर-बर्फ. मातीचे कण हेंच या स्फटिकांचें बीज असेल, असें सहज वाटतें. पण इतक्या अल्प थंडाव्यांत मातीला तें सामर्थ्य नसतें. पहिलें बीज बहुधा हवेंतून पडणाऱ्या हिमकणांचें असतें.

सकाळीं ऊन पडतें, पाणी पुन्हां शून्यावर येतें, आणि रात्रीची पकड सुटते. बर्फ वर येतो, पण रिकाम्या हातानें नव्हे. आपण हिशेब करूं. एक किलो वजनाचा दगड पाण्यांत सुमारें ६२० ग्रॅम भरतो. एक लिटर बर्फ सुमारें ८३ ग्रॅम भार उचलूं शकतो. म्हणजे भोंवतीं साडेसात लिटर बर्फ जमला, कीं दगड निघाला प्रवासाला! एरव्हीं पुराशिवाय न हलणारा गोटा असा एखाद्या शांत सकाळीं प्रवाहाबरोबर खालीं जातो.

उथळ समुद्रांत हाच व्यवहार फार मोठ्या प्रमाणावर चालतो. सायबीरियाच्या उत्तरेस लाप्टेव्ह समुद्रांत वादळी वारा पाणी तळापासून ढवळतो. वर आलेला गाळ स्फटिकांचे पुंजके गोळा करतात, आणि तो तरत्या बर्फांत गोठून जातो. हा मळकट बर्फ ध्रुवप्रदेश ओलांडून ग्रीनलंडच्या बाजूस जातो आणि वितळतांना आपली माती तेथें टाकतो. नान्सेन यांनीं १८९३ सालीं ‘फ्राम’ हें जहाज बर्फांत मुद्दाम अडकवून घेतलें, तें ह्याच ओघाच्या भरंवशावर; ग्रीनलंडकडील बर्फावर आढळलेला चिखल हा त्यांच्या तर्काचा एक आधार होता.

ही केवळ कुतूहलाची गोष्ट नाहीं. थंड देशांतील शहरें आणि वीजघरें नदीचें पाणी लोखंडी गजांच्या जाळींतून आंत घेतात. त्या गजांवर हे चिकट स्फटिक बसूं लागले, कीं कांहीं तासांत पाण्याची वाट बंद होते, आणि ऐन थंडींत घरें पाण्यावांचून राहण्याचा प्रसंग येतो. मॉन्ट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठांतील हॉवर्ड बार्न्स यांनीं अतिसूक्ष्म उष्णतामापकानें सेंट लॉरेन्सचें पाणी तपासलें, आणि १९०६ सालीं या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. उपाय सोपा निघाला. सारी नदी तापवावयास नको. गज गोठणबिंदूच्या किंचित् वर ठेवले म्हणजे स्फटिक त्यांना चिकटत नाहींत. कांहीं शतांश अंशांनीं जें अडतें, तें तितक्याच थोड्या उष्णतेनें मोकळें होतें.